लुगड्याऐवजी हातभर हिरवळ

विहीणबाई,

परवा ताडकळसला तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. निवृत्त मुख्याध्यापिका म्हटलं की माइक आपोआप हातात येतो, त्यात माझा दोष नाही. मी सुरुवात केली, "कष्टाळू, मायाळू, मितभाषी अशा आमच्या धुरपताबाई..." मितभाषी म्हणताच तुमचा थोरला दोनदा खोकला. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले, आणि ते काही रडू दाबायला नव्हते. तुम्ही त्या मंडपात असतात तर मागून मोठ्यानं विचारलं असतंत, "ह्या कोनाबद्दल बोलायल्यात ओ? आनखी कोन मेलंय?"

मी बोलले, बसले. लोक म्हणाले, मॅडम छान बोलल्या. छान बोलणं हा माझा जुना आजार आहे. जे एक वाक्य बोलायला मी उभी राहिले होते ते तेवढं घशातच राहिलं. बारा वर्षं ते तिथंच मुक्कामाला आहे. तुमच्यासमोर बोलायचं म्हटलं की तुम्ही मध्येच तोंड घालायचात आणि विषय भेंडीवर जायचा. आता तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. अशी संधी पुन्हा मिळणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात गवतापासून करावी लागेल. आपल्या दोघींत जे काही उगवलं ते गवतावरच.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. आमचे हे रेल्वेत गार्ड, आणि आम्ही पूर्णेच्या क्वार्टरमध्ये. शाळेत जायच्या वाटेवर मोठ्या साहेबांचा बंगला लागायचा. बंगल्यापुढे हिरवळ, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, आणि सकाळी साहेबांच्या मिसेस त्या हिरवळीवर अनवाणी चालायच्या. डोळ्यांना चांगलं असतं म्हणे. मीही रोज शाळेपर्यंत अर्धा तास चालायचे, पण माझ्या पायात चप्पल असायची, त्यामुळे माझ्या डोळ्यांना काही फायदा होत नव्हता. मी तेव्हाच ठरवलं, आपलं घर झालं की आपण अनवाणी चालायचं. लहानपणी चपलेसाठी रडलेली मी, मोठेपणी अनवाणी चालायची स्वप्नं पाहायला लागले. प्रगती म्हणतात ती हीच.

घर झालं. स्वयंपाकघरात ओटा व्हायच्या आधी पुढं लॉन झालं. हे म्हणाले, "अगं, आपल्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो."

मी म्हटलं, "मग बोअर घेऊ."

"बोअर माणसांसाठी घेतात."

"मग आपण कोण आहोत?"

परभणीच्या एका नर्सरीतून टेम्पो आला. त्यात हिरवे चौकोन, ओल्या घोंगड्यांसारखे एकावर एक रचलेले. नर्सरीवाल्यानं त्या गवताचं इंग्रजी नाव सांगितलं आणि मी विरघळले. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय जाईल एवढ्या. त्या भेगांवर मी ही घोंगडी पांघरली आणि सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभी राहिले. वर एक पाटीही लावली. शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात, ‘कृपया हिरवळीवर चालू नये’. आमच्या ह्यांना स्वतःच्या फाटकापर्यंत जायला भिंतीला पाठ घासत जावं लागायचं. ड्युटीला निघालेला गार्ड रोज पाठीला चुना लावून स्टेशनात पोचायचा.

अशा घरात आमच्या मिलिंदच्या लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा मुक्कामाला आलात. लेकीचं घर बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजता दार उघडलं. फाटकाजवळ हिरवा ढीग, मुळ्या झाडून, उन्हात उपडा पसरलेला. अर्धं लॉन गायब. तुम्ही लुगड्याचा काष्टा आवरून, खुरपं घेऊन उरलेल्या अर्ध्याकडे सरकत होतात.

"उठलाव का ईनबाई? बघा, आर्धा तुकडा साफ झाला. लय हराळी माजली होती ओ तुमच्या दारात. म्हनलं, मास्तरीनबाईला साळंच्या नादात येळ मिळाला नसंल. मुळ्या बी खांदून काढल्यात. आता बापजन्मी उगवायची न्हाई."

खुरपं तुम्ही गावाहून पिशवीत घालून आणलं होतं. लेकीच्या घरी पहिल्यांदा जाताना बायका लाडू नेतात.

मागं पाहिलं तर हे पायरीवर बसून चहा पीत होते. साडेपाचपासून तिथंच होते.

"तुम्ही बघत होतात? आणि थांबवलं नाहीत?"

"विहिणीला कसं थांबवायचं? मानपानाचा प्रश्न असतो," हे म्हणाले. मी या माणसाला इतकं सुखी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलेलं नाही.

मग मी तुम्हाला समजावून सांगितलं की ती मुद्दाम लावलेली होती.

"काय लावली होती?"

"हिरवळ."

"ही? ही हराळी?"

"लॉन म्हणतात त्याला."

"लावली होती? हातानं?"

"विकत आणून."

तुम्ही वेड लागलेल्या माणसाशी हळू बोलावं तशा हळू बोललात. "ईनबाई, माझ्या मालकानं जिंदगीभर ही हराळी खांदून खांदून बांधावर टाकली. ती जळत न्हाई, कुजत न्हाई, ढोराच्या पोटातून बी जित्ती निघती. आदी सांगितलं आसतं तर टरकभर आनून टाकली आसती की ओ."

इथवर सगळे हसतात. मीही हा किस्सा इथवरच सांगत आले. भिशीत सांगितला, स्नेहसंमेलनात सांगितला, डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगितला. पुढचं कुणालाच सांगितलं नाही.

त्याच दिवशी दहा वाजता माझ्याकडे भिशी होती. पंधरा बायका येणार, त्यात त्या मोठ्या साहेबांच्या मिसेसही. हिरवळ दाखवायची म्हणूनच मी पाळी मागून घेतली होती. तुमच्या लक्षात आलं की आपल्या हातून काहीतरी भलतं झालंय. तुमची लेक वर्षा पोहे करायला गेली, मी साडी बदलायला गेले, आणि तुम्ही गपचूप पुन्हा मातीत बसलात. उपटलेली हराळी परत लावायला. आयुष्यभर जी खणून काढली, ती तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी पुन्हा मातीत खोचत होतात. मी तर तेव्हा आरशासमोर होते.

बायका आल्या. फाटकातून आत येता येता मिसेस तुमच्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "अय्या, बाई चांगली मिळाली हो तुम्हाला. मन लावून काम करतेय. कुठली आहे?"

मी म्हणाले, "ताडकळसची."

बस. एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तुम्ही ताडकळसच्याच की.

तुम्ही मान वर केलीत. माझ्याकडे एकदा पाहिलंत, त्यांच्याकडे एकदा. मग उठलात, हात धुतलेत, आत गेलात आणि ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन बाहेर आलात. डोक्यावर पदर, नजर खाली. "घ्या बाईसाहेब." एकेकीला वाकून दिलंत. मलाही दिलंत. मी तो घेतला, विहीणबाई. मी तो पेला घेतला आणि प्याले.

वर्षा आत होती. तिला ऐकू गेलं नसावं असं मी आजवर धरून चालले आहे.

बायका गेल्यावर तुम्ही जेवलात आणि म्हणालात, "पोह्यात मीठ कमी होतं." बारा वर्षांत त्या दिवसाबद्दल तुम्ही एवढंच बोललात.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी आहेर काढला. विहिणीला पहिला आहेर, म्हणून जरीच्या काठाचं लुगडं आणलं होतं. घरात माझा भाऊ-भावजय, शेजारच्या दोघी. तुम्ही लुगड्यावरून हात फिरवलात, ‘लय ग्वाड हाय’ म्हणालात आणि बाजूला सारलंत.

"लुगडं नगं. माझ्याकडं हायेत. द्यायचंच आसंल तर तुमच्या दारातली हातभर जागा द्या."

"जागा?"

"फाटकापासनं पायरीपत्तर. रुंद हातभरच. तेवढ्यात मी काय लावायचं ते लावीन. तुमी पानी घालायचं न्हाई."

विहिणीनं चारचौघांत तोंडानं मागितलेलं मोडता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. त्यातून दोन दिवसांपूर्वीचा तो पेला माझ्या पोटात होता. मी हो म्हणाले. तुम्ही कोपरापासून मधल्या बोटापर्यंत हात जमिनीवर टेकवलात आणि खुरप्यानं रेघ मारलीत.

तो दंड होता की नुसतीच हौस, हे मी बारा वर्षं स्वतःला विचारते आहे. तुम्हाला विचारायचं धाडस झालं नाही. तुम्ही म्हणाला असतात, "कसला दंड?" आणि मग मला सांगावं लागलं असतं.

तेव्हापासून आपली रीत पडली. तुम्ही यायचं, निघताना मी लुगडं काढायचं, तुम्ही ते सारायचं आणि हातभर हिरवळ मागायची. नंतर नंतर तर मी लुगडं आणणंच सोडलं, रिकामी पिशवी पुढं करायचे. आपल्या नातीच्या, मैत्रीच्या, नामकरणाला एक पट्टी गेली. मिलिंदच्या बढतीला एक. ह्यांच्या निवृत्तीला तुम्ही दोन मागितल्यात, म्हणालात, "मानूस घरी बसनार, त्याला बघायला कायतरी पायजे." लग्न कुणाचंही असो, आहेर म्हणून माझ्या लॉनचा लचका तुटायचा. हे तर तुमची वाटच पाहायचे. त्यांच्या पाठीचा चुना पट्टीपट्टीनं कमी होत होता.

पहिल्या पट्टीत तुम्ही मुरूम पसरलात, नदीतले चपटे दगड मांडलेत आणि दगडांच्या फटीत चिनी गुलाबाच्या काड्या खोचल्यात. मी म्हटलं, "मुळं नाहीत यांना, जगतील कशा?" तुम्ही म्हणालात, "ह्यांला आपल्यासारके लाड लागत न्हाईत." दुसऱ्या पट्टीला नदीकाठची ती जमिनीला चिकटून पसरणारी वेल. नाव तुम्हालाही माहीत नव्हतं, नुसती ‘नदीची येल’. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीनं आणलीत आणि कंडक्टरला सांगितलंत की औषध आहे. वर्षभरात तिनं अशी हिरवी सतरंजी अंथरली की माझ्या विकतच्या घोंगडीची मला लाज वाटायला लागली. त्यावर चालता यायचं. ‘चालू नये’ची पाटी तुम्ही काढलीत आणि तिच्या फळीवर पापड लाटलेत.

तिसऱ्या पट्टीत घोळीची भाजी. ती बघून मी भांडले होते. "अहो, घोळ रस्त्याच्या कडेला येते!" तुम्ही म्हणालात, "मग रस्त्याच्या कडंला कोन पानी घालतंय? बघा, कशी माजलीय." संध्याकाळी तुम्ही ती खुडलीत, लसूण घालून परतलीत, आणि आमचे हे चार भाकरी जेवले. जेवून म्हणाले, "इतकी वर्षं आपण लॉन खाल्लं नाही कधी." तेव्हापासून माझा नवरा तुमच्या पक्षात गेला तो आजतागायत परत आलेला नाही.

सगळंच काही तुम्हाला जमलं असं समजू नका. तुम्ही गेलात म्हणून मी खोटं गोड बोलणार नाही. ते सोयाबीनचं भुसकट आठवा. "झाकलेली भाकर वाळत न्हाई, झाकलेली माती बी न्हाई," असं म्हणून तुम्ही दोन पोती भुसकट पट्ट्यांवर पसरलंत आणि वारा सुटला. शेजारच्या गच्चीवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या. पुढं दोन वर्षं ते लोक तळलेल्या कुरडईतून भुसकट वेचत होते. दुसऱ्या दिवशी तुम्हीच गच्चीवर गेलात, माफी मागितलीत, आणि त्यांच्या कुंड्यांत उरलेलं भुसकट घालून आलात. माफी मागणं तुम्हाला किती सोपं जायचं, विहीणबाई. हेही मी तेव्हा खालून पाहिलं होतं.

मग ते टंचाईचं वर्ष आलं. आमच्या बोअरमधून नुसती हवा यायला लागली. गल्लीत टँकर येऊ लागला आणि मी, शाळेत मुलांना ‘पाणी वाचवा’वर निबंध घालणारी मी, अंघोळीचं पाणी बादलीत धरून पहाटे लॉनवर ओतायला लागले. नेमक्या तेव्हाच तुम्ही आलात. पहाटेच्या पहिल्या एसटीनं. फाटकातच मला पकडलंत.

"गवत पाजायलाव का ईनबाई?"

"छे! पायऱ्या धुतेय."

तुम्ही गवताकडे पाहिलंत. "पायऱ्या लय हिरव्या झाल्यात की."

त्या दिवशी टँकरच्या रांगेत आपण दोघी उभ्या होतो. माझ्याकडे तीन घागरी. दोन घरासाठी, तिसरी कशासाठी हे मी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नाहीत. तिसरी घागर डोक्यावर घेतलीत आणि गवतावरून चालत सरळ स्वयंपाकघरात नेऊन ठेवलीत. रांगेतल्या बायकांसमोर मी उरलेल्या दोन घागरी उचलून मागोमाग आले. आठवड्याभरात माझी हिरवळ गोणपाटासारखी झाली. तुमच्या पट्ट्या मात्र जशाच्या तशा. चिनी गुलाब तर भर दुपारी लग्नघर असल्यासारखा फुलायचा. मला त्या फुलांचा इतका राग यायचा की मी खिडकी लावून घ्यायचे.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी तुम्ही पट्टीत बसून निंदत होतात आणि मी पायरीवर. तुमची बसण्याची तऱ्हा, एक गुडघा वर, डावा हात मातीवर टेकलेला. माझी आई अशीच बसायची. लोकांच्या रानात, रोजंदारीनं. तिच्या त्या बसण्यावर मी शिकले, डी.एड. झाले, मॅडम झाले. आणि माझ्या दारात तशीच बसलेली बाई कोण, असं कुणी विचारलं तेव्हा मी गावाचं नाव सांगून मोकळी झाले. त्या दिवशी मला कळलं की मी नुसतं तुम्हालाच नाकारलं नव्हतं. कळलं, आणि तरीही बोलले नाही. उठून तुमच्यासाठी चहा केला. साखर जास्त घातली. तुम्ही म्हणालात, "आज काय झालंय तुमाला? गूळ खाल्ल्यावानी चा केलाव."

यावर कुणी म्हणेल, उशिरा का होईना शहाणी झाली. कसली शहाणी! पुढच्या वर्षी पट्ट्या इतक्या सुंदर दिसायला लागल्या की भिशीतल्या बायका फोटो काढायला आल्या. म्हणाल्या, मॅडम, पाण्याशिवाय कसं केलंत हो हे? आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हल्ली अशीच पद्धत आहे. अभ्यास केला थोडा." अभ्यास! माझा अभ्यास एवढाच की लुगडं पुढं करायचं आणि परत घ्यायचं. कुणीतरी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, ‘मॅडमची कमी पाण्याची बाग’. मैत्रीनं तो तुम्हाला मोबाइलवर दाखवला. कोपऱ्यात, दगडाशेजारी, तुमचा अंगठा आला होता. तेवढाच आला होता.

तुम्ही मोबाइल डोळ्यांजवळ नेलात. म्हणालात, "आंगठा लय काळा आलाय. दुसरा फोटू काढा."

मैत्री हसली, मीही हसले. रात्रभर मग कूस बदलत राहिले, आणि सकाळी तुम्हाला पुन्हा काहीच बोलले नाही. मुख्याध्यापिका म्हणून मी दीडशे पोरांना उभं करून ‘सॉरी म्हण’ म्हटलं असेल. उभं करणारं कुणी नसलं की हे किती अवघड असतं, ते त्या पोरांना माहीत होतं.

मागच्या उन्हाळ्यात मैत्रीच्या वाढदिवसाला तुम्ही आलात तेव्हा लॉनची एकच पट्टी उरली होती, पायरीला लागून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की या वेळी ती जाणार. ह्यांनी तर तिथं खुर्ची कुठं ठेवायची हेही ठरवलं होतं. मी दोन भाषणं तयार ठेवली होती. एक न देण्याचं, आणि एक देण्याचं. देण्याच्या भाषणात शेवटी ते वाक्य होतं. पट्टी देता देता म्हणून टाकायचं, असं ठरवलं होतं.

निघताना तुम्ही म्हणालात, "औंदा लुगडं द्या."

घरात लुगडं होतं कुठं? धावत जाऊन कपाटातली माझीच जांभळी साडी काढली, घडीवर रेघा पडलेली. तुम्ही ती मांडीवर घेतलीत.

मी म्हटलं, "आणि ही पट्टी? घाबरलात का?"

"आसू द्या तेवढी," तुम्ही म्हणालात. "समदं माझंच झालं तर मी भांडायला कशापायी येऊ?"

माझी दोन्ही भाषणं वाया गेली. तुम्ही एसटीत बसलात, खिडकीतून हात काढून कंडक्टरशी भांडायला लागलात, आणि गाडी निघाली.

त्यानंतर मीच आले ताडकळसला. तुम्ही नेहमीसारख्या बाहेर आला नाहीत.

आता खरं तेच सांगते. तुमच्या मंडपात ते वाक्य बोलता आलं नाही, म्हणून घरी येऊन कागदावर बोलायचं ठरवलं होतं. हे पत्र इथं संपवून, घडी घालून ठेवणार होते. लिहून ठेवलं की बोलल्यासारखं होतं, अशी पळवाट मास्तरणींना चांगली ठाऊक असते. पण मघाशी, लिहिता लिहिता, फाटक वाजलं.

मागच्या गल्लीत नवीन घर बांधलंय, त्यातली सून. मी तिला नीट ओळखतही नव्हते. हातात मोबाइल, कडेवर मूल. म्हणाली, "काकू, रागावू नका हं, विचारायचं होतं. आमच्याकडे हे लॉन करायचं म्हणतात. मी म्हटलं, पाणी कुठंय? तुमचं अंगण रोज येता-जाता बघते मी. कोण बाई येते हो तुमच्याकडे? कुठली आहे?"

विहीणबाई, शपथेवर सांगते, माझी जीभ ‘ता’पर्यंत गेली होती. बारा वर्षांची सवय. वर्षा पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

मी म्हणाले, "बाई नव्हे. माझी विहीण. हिची आई. धुरपताबाई नाव त्यांचं. हे सगळं त्यांनी केलंय, मी एक काडीही लावलेली नाही. गेल्या त्या. आज नववा दिवस."

झालं. एका श्वासात झालं. याच्यासाठी मी बारा वर्षं शब्द शोधत होते.

ती बिचारी कावरीबावरी झाली. "सॉरी हं काकू, मला माहीत नव्हतं..."

"तुला कसं माहीत असणार? मी कुणाला सांगितलंच नाही. तीच तर चूक झाली माझी. एकदा तर मी त्यांना चारचौघींत कामवाली होऊ दिलं." हेही बोलले मी, एका परक्या पोरीसमोर, दारात उभं राहून. वर्षाकडे बघायची हिंमत नव्हती.

वर्षानं ताट खाली ठेवलं. ती उठून आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. त्या मुलीला म्हणाली, "बसा ना ताई. चहा टाकते." आत जाताना तिनं डोळे पुसले, तुमच्यासारखेच, मनगटाच्या मागच्या बाजूनं.

पोरगी दहा मिनिटांसाठी आली होती, दीड तास बसली. मी तिला हराळीचा ढीग सांगितला, एसटीतलं औषध सांगितलं, कुरडयांतलं भुसकट सांगितलं. हे मध्येमध्ये दुरुस्त्या करत होते. तिचं मूल तोवर त्या शेवटच्या पट्टीवर लोळून घेत होतं, आणि मी काही बोलले नाही. ती पट्टी मी काढणार नाही, एवढं सांगून ठेवते. त्या भांडणाचा निकाल लागलेला नाही आणि मी एकटीनं लावणार नाही.

माफी मागायची तर तुम्हालाच मागायला हवी होती, ट्रे हातात असताना, त्या क्षणी. ते आता होणे नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आवो, सोडा की," आणि मी सोडलंही असतं, म्हणून बरं झालं तुम्ही नाही आहात. बघा, काय बोलून गेले. बरं काहीच झालेलं नाही.

निघताना तिनं नदीची वेल मागितली. मी खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि चार-पाच काड्या मुळांसकट काढून ओल्या फडक्यात बांधल्या. फडकं हातात देताना मात्र सोडलं नाही.

म्हटलं, "एक अट आहे. ही पसरेल, छान दिसेल, लोक विचारतील कुठून आणली. तर ताडकळसची म्हणायचं नाही. मॅडमची तर अजिबात म्हणायचं नाही. माणसाचं नाव घ्यायचं."

"हो काकू. काय नाव म्हणालात?"

"धुरपताबाई."

"धुरपताबाईंची वेल," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पुन्हा म्हण."